पोकळी खरी की मीच पाडलेली?

एम.एस्सी. फिजिक्सचा माझा प्रोजेक्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला. विषय होता हायड्रा-ए नावाच्या दीर्घिकासमूहातला तप्त वायू आणि त्यात दिसणाऱ्या पोकळ्या. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड मेळा, आणि अशा शेकडो दीर्घिका एकत्र असतात तो दीर्घिकासमूह. दहा महिने लागले, ९,७३० रुपये खर्च झाले. या काळात मी कुठल्याही दुर्बिणीजवळ गेले नाही. सगळं काम कोल्हापुरात, एका जुन्या लॅपटॉपवर झालं. सुरुवातीला विचारायला जवळपास कुणी नव्हतं आणि त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत फार एकटं वाटलं. पुढे कुणी असा विषय घेतला, तर कुठे अडायला होतं हे आधीच कळावं म्हणून तारखा आणि चुकांसकट लिहून ठेवते आहे.

विषय ठरवायची मुदत ३१ जुलै २०२४ होती. त्याच सुमारास पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, गावाकडचा रस्ता पाण्याखाली गेला आणि मी राजारामपुरीत मैत्रिणीच्या खोलीवर अडकले. आमच्याकडे बहुतेक मुलं थिन फिल्मचा, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांचा प्रोजेक्ट घेतात. त्याची प्रयोगशाळा आहे, आधीच्या वर्षांचे अहवाल आहेत, आणि अडलं तर शेजारच्या टेबलावर सीनियर असतात. माझ्या मार्गदर्शक मॅडमही थिन फिल्मच्याच. मी खगोलशास्त्र म्हटल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "मला यातलं येत नाही. शिकायची तयारी आहे. पण रोज काय केलंस ते वहीत लिहायचं आणि दर शनिवारी मला समजेल अशा भाषेत सांगायचं." या अटीनं प्रोजेक्ट वाचवला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

हाच विषय का, ते सांगते. दीर्घिकासमूह म्हटलं की डोळ्यांपुढे शेकडो दीर्घिका येतात. पण समूहाचं वजन केलं तर सगळ्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के भरतो. त्यांच्या कितीतरी पट वायू दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला असतो, आणि उरलेलं बहुतेक वजन कृष्णद्रव्याचं, म्हणजे कधीच न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वामुळे जाणवणाऱ्या द्रव्याचं. हा वायू एक ते दहा कोटी अंश इतका तापलेला आणि कमालीचा विरळ असतो. केंद्रापाशीसुद्धा एका घनसेंटिमीटरमध्ये एक कण भरत नाही. इतका तापलेला वायू क्ष-किरणांत उजळतो, आणि क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत. म्हणून १९७० मध्ये उहुरू उपग्रह वर जाईपर्यंत समूहांचं हे रूप नीट दिसलंच नव्हतं. ज्या वस्तूचा बराचसा भाग डोळ्यांना कधीच दिसणार नाही, तिचं तापमान मोजता येतं, या एका गोष्टीवर मी भाळले होते.

हायड्रा-ए निवडायला दोन कारणं होती. हा समूह वासुकी तारकासमूहात आहे, अल्फार्ड या ताऱ्यापासून थोडा नैर्ऋत्येला. म्हणजे निदान 'तिकडे आहे' असं बोट दाखवता येतं. दुसरं, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव दिलेली चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ च्या जुलैत वर गेली आणि तिनं अगदी सुरुवातीला पाहिलेल्या समूहांत हा होता. पुढे २००४ मध्ये तिनं तो पुन्हा दोनदा, दर वेळी सुमारे एक लाख सेकंद पाहिला. ४९६९ आणि ४९७० हे त्या निरीक्षणांचे क्रमांक. चंद्रा दुर्बिणीचं निरीक्षण ठरावीक मुदतीपर्यंत ते मागणाऱ्या गटाकडे राहतं, नंतर सगळ्या जगाला खुलं होतं. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही.

पण हेच कार्यालयात समजावताना बारा दिवस गेले. विषयमंजुरीच्या अर्जात 'वापरलेली उपकरणे' असा रकाना होता. मी त्यात 'चंद्रा क्ष-किरण वेधशाळा' लिहिलं. खिडकीवरचे काका म्हणाले, "मॅडम, यंत्र आपल्या विभागातलं नसेल तर ज्यांचं हाय त्यांचं ना-हरकत पत्र लागतंय." त्यांचं चूक नव्हतं, नियम तसाच होता. मी ६ ऑगस्टला गेले, ९ ला गेले. शेवटी डेटा सर्वांसाठी खुला आहे असं सांगणारं आणि श्रेयनिर्देश कसा करावा हे देणारं संग्रहाचं पान छापलं, त्यावर मॅडमची सही-शिक्का घेतला आणि अर्ज नव्यानं भरला. १८ ऑगस्टला मंजुरी आली. तुम्ही पहिल्यांदाच त्या रकान्यात 'सार्वजनिक संग्रहातील डेटाचे संगणकीय विश्लेषण' असं लिहा, आणि अर्जाच्या तीन प्रती काढा. दोन पुरत नाहीत.

सप्टेंबर सगळा सॉफ्टवेअर बसवण्यात गेला. चंद्राचा डेटा हाताळायला 'चाओ' नावाचा संच आहे. तो फुकट मिळतो, लिनक्सवर सुखानं चालतो. त्याच्यासोबत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे दुर्बिणीची मोजमापं दुरुस्त करणाऱ्या फायली लागतात, त्या अनेक जीबीच्या असतात. गावात आमच्या घरी रेंज माडीवर, तीही एका कोपऱ्यात. त्यामुळे मैत्रिणीच्या वायफायवर रात्रभर डाउनलोड लावून सकाळच्या एस.टी.नं घरी जायचं, असं तीन वेळा केलं. लॅपटॉपची मेमरी अपुरी पडत होती. ती वाढवायला १,९०० रुपये लागले, एक टीबीची हार्ड डिस्क ४,२०० ला. डिस्कवर पैसे वाचवू नका. एकाच निरीक्षणाच्या मधल्या फायली बघता बघता मूळ डेटाच्या कित्येक पट होतात.

११ ऑक्टोबरला रात्री पहिली इव्हेंट फाइल उघडली. मला चित्र दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो तक्ता. चंद्राचा कॅमेरा प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्येक कणाची वेगळी नोंद करतो: कधी आला, कुठे पडला, किती ऊर्जेचा होता. एका फोटॉनची एक ओळ, आणि अशा लाखो ओळी. हायड्रा-एपासून तो प्रकाश निघाला तेव्हापासून सत्तर कोटी वर्षं उलटली आहेत. मी बराच वेळ फक्त ओळी खाली सरकवत बसले. मग डीएस९ या प्रतिमा बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली, रंगांची मोजपट्टी बदलली आणि मधोमध एक धुरकट, जरासा वाकडा उजेड दिसला. आईला उठवून दाखवला. ती म्हणाली, "दिव्याला काजळी धरल्यागत दिसतंय." मला आजही तो तसाच दिसतो.

यानंतरचं काम निवडण-टिपण्याचं. तांदळातले खडे काढावेत तसं. सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे मधेच पार्श्वभूमी उसळते, तेवढी मिनिटं वेळेच्या आलेखावरून कापून टाकायची. ०.५ ते ७ केईव्ही (फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक) एवढाच ऊर्जापट्टा ठेवायचा. मग चित्रातले ठिपके (यांनाच स्रोत म्हणतात), म्हणजे समूहाशी संबंध नसलेली मागची-पुढची कृष्णविवरं, वेव्हडिटेक्ट नावाच्या आज्ञेनं शोधून काढून टाकायचे आणि ती जागा आजूबाजूच्या उजेडानं भरायची. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत झालं. ७ नोव्हेंबरला स्वच्छ केलेल्या प्रतिमेत समूहाच्या अगदी केंद्रात एक गुळगुळीत, फिकट गोल दिसला. त्याच्या कडेला उजळ कडं होतं.

मला माहीत होतं की हायड्रा-एमध्ये पोकळ्या आहेत. केंद्रातल्या दीर्घिकेतलं कृष्णविवर दोन बाजूंना झोत सोडतं, ते झोत वायूला बाजूला ढकलतात आणि क्ष-किरणांच्या चित्रात तिथे अंधारे खळगे दिसतात. हे २००० मध्येच छापून आलं आहे. मला माझी पोकळी मिळाली होती. त्या रात्री झोप लागली नाही. पुण्यातल्या एका संशोधकांना मी अधूनमधून ईमेल करत असे, त्यांना चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "काढलेल्या स्रोतांची फाइल प्रतिमेवर ठेवून बघ."

ठेवली. केंद्रावर बरोबर त्याच आकाराची लंबवर्तुळाकार खूण होती. समूहाचा गाभा इतका तेजस्वी आणि आटोपशीर असतो की आज्ञेनं त्यालाच एक ठिपका समजून काढून टाकलं होतं. ते भोक मी पाडलं होतं. दोन आठवड्यांचं काम परत करायला लागलं, आणि त्याहून जास्त म्हणजे, यापुढे आपल्या डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा या विचारानं मी पार बसले. शनिवारी मॅडमना सांगताना रडू आलं. त्यांनी वही पुढे ओढली, त्या पानावर तारीख घातली आणि म्हणाल्या, "हे पान फाडायचं नाही. हे प्रबंधात येणार."

सापडलेला प्रत्येक स्रोत प्रतिमेवर ठेवून डोळ्यांनी तपासा. केंद्रातला, आणि उजेडाच्या कडेवरचे, पुसायच्या यादीतून हातानं वगळा. मशीनला समूह म्हणजे काय हे ठाऊक नसतं.

डिसेंबर-जानेवारीत वर्णपटाकडे वळले. केंद्राभोवती एकाबाहेर एक अशी कडी आखायची, प्रत्येक कड्यातल्या फोटॉनांचा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती आले त्याचा आलेख काढायचा आणि एक्सस्पेक या सॉफ्टवेअरमध्ये त्याला तप्त वायूचं प्रारूप जुळवायचं. वर्णपटाचा उतार तापमान सांगतो. ६.७ केईव्हीजवळ लोहाची रेषा, म्हणजे आलेखातला उंचवटा असतो, तिच्यावरून वायूत लोह किती ते कळतं. हे लोह कधीकाळी ताऱ्यांच्या पोटात तयार झालं आणि स्फोटांतून बाहेर पडलं. १९७६ मध्ये ययाति तारकासमूहातल्या पर्सियस समूहात ही रेषा ओळखली गेली, आणि हा उजेड खरोखर तप्त वायूचाच आहे याचा तो भक्कम पुरावा ठरला.

माझ्या वर्णपटात मात्र लोह जवळजवळ शून्य येत होतं. कुठलंही कडं घ्या, तेच. नऊ दिवस मी पार्श्वभूमी बदलत राहिले. कोऱ्या आकाशाच्या, म्हणजे पार्श्वभूमी म्हणून वजा करायच्या फायली ९.५ ते १२ केईव्हीच्या पट्ट्यात, जिथे दुर्बिणीचे आरसे जवळपास काहीच पकडत नाहीत, तिथे जुळवून घेतल्या. काही फरक पडला नाही. शेवटी मॅडमना आलेख समजावताना त्यांनीच विचारलं, "ही रेषा सहा पॉइंट सातला असते म्हणालीस. इथं तर उंचवटा सहा पॉइंट पस्तीसला दिसतोय." समूह आपल्यापासून दूर जातो आहे, त्यामुळे त्याचे फोटॉन ताणले जाऊन कमी ऊर्जेचे पोहोचतात. या ताणाचं माप म्हणजे रेडशिफ्ट, हायड्रा-एसाठी ते ०.०५५ आहे. ६.७ ला १.०५५ नं भागा, ६.३५ येतात. प्रारूपात रेडशिफ्टची जागा मी भरलीच नव्हती, ती आपोआप शून्य राहिली होती. आकडा भरला आणि प्रारूपाची रेषा उंचवट्यावर जाऊन बसली. केंद्राजवळ तापमान ३ केईव्हीच्या आसपास, म्हणजे साडेतीन कोटी अंश. बाहेर जावं तसं ४ च्या जवळ. थिन फिल्मच्या प्राध्यापकांनी माझी खगोलशास्त्रातली चूक पकडली, ती केवळ मी त्यांना सोप्या भाषेत सांगत होते म्हणून.

बाहेर जास्त तापमान आणि आत कमी, हे उलटं का, यावर मी जानेवारीभर अडले. गाभ्यात वायू दाट असतो, म्हणून तिथून जास्त क्ष-किरण निघतात, आणि जितकी ऊर्जा निघून जाते तितका तो निवतो. हिशोबानं हायड्रा-एचा गाभा शंभर कोटी वर्षांच्या आत निवायला हवा आणि तिथे दर वर्षी ढिगानं नवे तारे जन्मायला हवेत. तसं दिसत नाही. २००१ च्या सुमाराला एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय दुर्बिणीच्या वर्णपटांत अशा गाभ्यांमध्ये अपेक्षेइतका गार वायू सापडलाच नाही. म्हणजे कुणीतरी त्याला तापवत ठेवतं आहे.

फेब्रुवारीत आमच्या चुलत्यांचं, आप्पांचं गुऱ्हाळ चालू होतं. रात्रीच्या आधणाला मी तिथे जाऊन बसायची, कारण चुलवाणाजवळ ऊब असते आणि घरात अभ्यासाला जागा नसते. काहिलीत रस उकळत होता, खालून बुडबुडे वर येऊन फुटत होते. आप्पा चुलवाणात चिपाडं सारत होते. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळतं कधी घालायचं? ते म्हणाले, "रस बसाय लागला की जाळ वाढवायचा, उतू याय लागला की ओढायचा. नजर हटवून चालत न्हाई." मी त्यांना सांगितलं की एका समूहाच्या मधल्या कृष्णविवराबद्दल लोक अगदी हेच म्हणतात: वायू निवून आत आला की कृष्णविवराला खायला मिळतं, ते झोत सोडतं, झोत वायूत बुडबुडे फुगवतात, ते वर चढताना वायू तापतो, आणि तापला की आत येणं थांबतं. आप्पांनी थोडा विचार करून विचारलं, "मग तिथं चिपाडं घालनारं कोन?" मी म्हटलं, तोच निवलेला वायू. बाहेर आलो तेव्हा वासुकी दक्षिणेला वर आली होती. अल्फार्ड दाखवला. त्याच्या खाली, जराशी उजवीकडे काळोखी जागा, तिथे.

आता पोकळ्या परत शोधायच्या होत्या, आणि या वेळी मी घाबरलेली होते. पद्धत अशी: प्रतिमा एकदा थोडी धूसर करायची, एकदा खूप धूसर करायची, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. लहान खळगे-उंचवटे उठून दिसतात. पण या पद्धतीनं नसलेल्या खळग्यांचाही भास होतो, उजळ जागेच्या शेजारी तर हमखास. म्हणून मी चित्र बाजूला ठेवलं आणि फोटॉन मोजले. केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर पोकळीच्या दिशेला किती, इतर दिशांना किती. चार हजार फोटॉन अपेक्षित असतील तर निव्वळ योगायोगानं साठ-पासष्टचा चढउतार होतो. माझी तूट पाव भागाच्या आसपास, म्हणजे हजाराच्या घरात होती. मग काढलेल्या स्रोतांची फाइल वर ठेवली. तिथे एकही खूण नव्हती. शेवटी ४९७० या दुसऱ्या निरीक्षणावर तेच सगळं पहिल्यापासून केलं. उत्तर आणि दक्षिण अंगाला तेच दोन खळगे होते, प्रत्येक साधारण आपल्या आकाशगंगेएवढा रुंद.

मार्चमध्ये रेडिओ दुर्बिणीच्या संग्रहातला याच समूहाचा नकाशा त्यावर ठेवला. रेडिओचे दोन्ही फुगे त्या खळग्यांत जाऊन बसले. त्या क्षणी मी एकटीच होते आणि कुणाला फोन करावा तेही सुचेना. दोन पोकळ्या फुगवायला लागलेली ऊर्जा काढली, ती दहाच्या साठाव्या घाताएवढ्या अर्गच्या (अर्ग हे ऊर्जेचं एकक) आसपास आली. एका अतिनवताऱ्याच्या स्फोटाची ऊर्जा दहाचा एक्कावन्नावा घात धरली, तर तसे शंभर कोटीच्या घरातले स्फोट. या समूहाभोवती याहून खूप मोठा आघाततरंग पसरतो आहे हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. मला तो माझ्या डेटात खात्रीनं दाखवता आला नाही, आणि प्रबंधात मी तसंच लिहिलं.

एप्रिल लिखाणाचा. वाङ्मयचौर्य तपासणीत पहिल्यांदा २३ टक्के आले. मर्यादा १० ची. घाबरू नका; संदर्भयादी, श्रेयनिर्देशाचा ठरावीक मजकूर आणि आज्ञांची नावं त्यात मोजली जातात. ग्रंथालयात सांगून ती वगळायला लावली आणि पद्धतीचं प्रकरण स्वतःच्या शब्दांत परत लिहिलं, तेव्हा ७ वर आलं. तपासणीला चार-पाच दिवस लागतात, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. चार प्रतींची रंगीत छपाई आणि बांधणी २,४८० रुपये. पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन येण्याचे १,१५०.

तोंडी परीक्षा २२ मे ला होती. २० ला सकाळी जयंत नारळीकर सर गेल्याची बातमी आली. ते जन्मानं कोल्हापूरचे. शाळेत असताना त्यांचं मराठीतलं लिखाण वाचूनच मी आकाशाकडे बघायला लागले होते. दोन दिवस सराव झाला नाही. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव घातलं आणि गेले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या परिशिष्टावर घेतला, जिथे ७ नोव्हेंबरचं ते भोक त्याच्या कारणासकट छापलं होतं. मग विचारलं, "खऱ्या पोकळीत काय असतं? ती रिकामी असते का?" मी म्हटलं, नाही सर. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगानं फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. ते क्ष-किरणांत दिसत नाहीत, रेडिओत दिसतात. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

हार्ड डिस्क आणि वही आता एका ज्युनिअरकडे दिली आहे. तिनं एबल २०५२ हा दुसरा दीर्घिकासमूह घेतला आहे, आणि तिचा अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला.